दिव्याभोवतीची कडी

ज्या कोणाला दिव्याकडे बघताना त्याच्याभोवती रंगीत कडी दिसत असतील, त्यांनी हे पुढे वाचू नये. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं. परत आल्यावर सावकाश वाचावं, मी कुठे पळून जात नाही. हल्ली उंबऱ्यापर्यंत जायचं तरी मी पावलं मोजून जाते.

बाकीच्यांनी बसा. मी पाल्हाळ लावते असं आमचे हे म्हणतात आणि ते खरं आहे. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. ह्यांच्या जुन्या पंचांगांवरून अक्षरं लावायला शिकले, त्यामुळे बोलते तशीच लिहिते. लिहिण्यासाठी ह्यांनी फायलीच्या पुठ्ठ्यात एक लांब खाच कापून दिली आहे. पुठ्ठा कागदावर ठेवायचा आणि खाचेतून लिहायचं, म्हणजे ओळ भटकत नाही. एक पान व्हायला मला दोन दिवस लागतात. तेव्हा फुकट काही लिहीन असं समजू नका.

*

देश स्वतंत्र झाला त्या पावसाळ्यात माझा मुलगा गेला. दहा महिन्यांचा होता, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, चाळिशीच्या तोंडाशी झालेला. गावात मिठाई वाटत होते आणि आमच्या घरात सुतक होतं. त्याच्याबद्दल इतकंच लिहिते.

त्यानंतर माझं मन कुठे थांबेचना. दूध उतू जायचं आणि मी समोर उभी. डाळीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. एकदा सब्जी आणायला निघाले ती इथल्याच, उज्जैनच्या छत्री चौकात पिशवी धरून नुसती उभी राहिले. काय आणायचं, घर कुठल्या गलीत, काही आठवेना. शेवटी ओळखीच्या दूधवाल्याने घरी आणून सोडलं.

ह्यांची थोरली बहीण आमच्याकडेच राहते. मी त्यांना वन्सं म्हणते, हे अक्का म्हणतात. लहानपणीच कपाळ पांढरं झालेली बाई. सगळा जन्म भावाच्या घरात गेला, पण कधी कुणाचं उष्टं सुख मागितलं नाही. पहाटे उठून त्या त्राटक करायच्या. म्हणजे पाठ ताठ ठेवून बसायचं, हातभर अंतरावर तुपाचं निरांजन ठेवायचं आणि पापणी न हलवता ज्योतीकडे बघायचं. डोळ्यांतून पाणी आलं की डोळे मिटायचे आणि तीच ज्योत कपाळाच्या आत धरून ठेवायची. रामघाटावर पूर्वी एक बुवा यायचे, त्यांनी शिकवलं होतं.

"सरू, माझ्याशेजारी येऊन बस," वन्सं मला म्हणाल्या. "मन म्हणजे गुळावरची माशी. हाकलून जात नाही. तिला एका जागी बसायला शिकवावं लागतं."

मी बसले. पहिले कितीतरी दिवस ज्योतीत मला बाळाची टाळूच दिसायची. वन्सं म्हणायच्या, "दिसू दे. तू ज्योतच बघ." मग श्वास मोजायला शिकवलं. चार घ्यायचा, आठने सोडायचा. सहा महिन्यांनी मी पहिल्यांदा एक अख्खी भाकरी न करपवता भाजली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्या बैठकीनेच मला उभं केलं. पुढे जे झालं त्याचं खापर मी बैठकीवर फोडणार नाही.

*

पाच-सहा वर्षं अशी गेली. मग एका पहाटे ज्योतीभोवती कडं दिसलं. आतून निळं, बाहेरून लाल, मध्ये पिवळी झाक. इतकं सुंदर की मी श्वास मोजायचा विसरले.

वन्संना सांगितलं. त्या निरांजनाची वात सारत बसल्या. मग म्हणाल्या, "बुवा म्हणायचे, रंग दिसले की समजावं, मन ठिकाणावर आलं."

त्या दिवशी वन्संनी शिरा केला.

मग कडी वरचेवर दिसू लागली. ज्या दिवशी दिसत, त्या दिवशी उजवं कपाळ ठणकायचं, कधी उलटीही व्हायची. वन्सं म्हणायच्या, "साधनेत उष्णता वाढते गं," आणि सब्जाचं पाणी द्यायच्या. मी सुंठेचा लेप लावून पडायचे आणि पडल्यापडल्या मनात म्हणायचे, सरू, तू कुठे होतीस आणि कुठे पोचलीस!

त्राटकात अजून एक खूण सांगतात. आधी मागची भिंत नाहीशी होते, मग आजूबाजूचं सगळं, मग खालचं निरांजनही. शेवटी उरते एकटी ज्योत. माझी भिंत गेली. मग वन्संचा गुडघा, जो रोज माझ्या शेजारी दिसायचा, तोही गेला. मी म्हटलं, जमलं!

मोहल्ल्यात बातमी गेली. बायका येऊन पाया पडू लागल्या. खोटं कशाला बोलू, मला आवडायचं. ज्या बायका माझ्या करपलेल्या भाकऱ्यांवर हसल्या होत्या त्याच आता "माई, हाथ रखो सिर पर" म्हणत मुलं घेऊन यायच्या. मी ठेवायचे हात.

त्याच सुमारास मी चौकटींना धडकू लागले. शेजारी ठेवलेल्या वाटीत पाय पडायचा. रस्त्यात ओळखीची बाई बाजूने नमस्कार करायची आणि मी सरळ निघून जायचे. लोक रागावायचे नाहीत. म्हणायचे, "माई ध्यान में हैं." घाटावर एक पायरी चुकून गुडघा फुटला, तर दोघीजणींनी त्या पायरीलाही हात लावला.

हे एकदा म्हणाले, "अगं, डोळे दाखवू या का एकदा?"

मी हसले. "अहो, डोळ्यांचं काय घेऊन बसलात? हे मनाचं आहे."

माणसाचं एखादं वाक्य जन्मभर पुरतं. मला ते पुरलं आहे.

*

एका सकाळी चूल फुंकत होते. धूर डाव्या डोळ्यात गेला, म्हणून तळव्याने तो डोळा चोळू लागले. आणि स्वयंपाकघर गेलं. चूल, फुंकणी, परात, सगळं. हात काढला, सगळं परत आलं. पुन्हा डावा डोळा झाकला, पुन्हा काही नाही.

उजवा डोळा गेलेला होता. कधी गेला, कुणाला ठाऊक! घरातून एक माणूस निघून जावं आणि जेवायला बसल्यावर पाट रिकामा दिसावा, तसं झालं.

मी ह्यांना हाक मारली नाही. आधी भाकरी केल्या. मग वाढता वाढता सांगितलं. हे ताटावरून उठले.

*

फ्रीगंजमध्ये टॉवरच्या अलीकडे तेव्हा डोळ्यांचे एक डॉक्टर बसत. टांग्यातून गेलो. आमच्या सगळ्या नातेवाइकांत चष्म्याच्या दुकानापलीकडे कोणी गेलेलं नव्हतं, म्हणून मी नवी साडी नेसले होते.

डॉक्टरांनी मिटलेल्या पापणीवरून बोटाने डोळा दाबून पाहिला. मग समोर बसून विचारलं, "माँजी, सिर दुखता है? एक तरफ?"

"दुखता है. पर वो गर्मी का है, साधना की."

"शाम को दिये के आसपास रंगीन गोले दिखते हैं? इंद्रधनुष जैसे?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! एवढा शिकलेला माणूस, आणि त्याला हे ठाऊक! मी खुर्चीत पुढे सरकले. "हाँ! तीन साल से! अंदर नीला, बाहर लाल. आपको भी दिखते हैं क्या?"

डॉक्टरांनी हातातली काच टेबलावर ठेवली. "मुझे नहीं दिखते, माँजी. मेरी आँखें ठीक हैं."

हे माझ्या शेजारी बसले होते. मला ते दिसत नव्हते, पण त्यांचा श्वास ऐकू आला.

मग डॉक्टरांनी मला त्यांच्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि बाजूने बोट आणत राहिले. "उँगली दिखे तो बोलना." मी वाट बघत राहिले. बोट दिसलं तेव्हा ते जवळजवळ नाकासमोर आलं होतं. म्हणजे भिंत गेली, वन्संचा गुडघा गेला, निरांजन गेलं, ते असं. एकेक करून मी ते घालवत होते आणि शिरा खात होते.

काचबिंदू. हिंदीत काला मोतिया म्हणतात. उजव्या डोळ्यासाठी काही करण्यासारखं राहिलं नव्हतं. डाव्यात थोडं उरलं होतं, त्याला इंदूरला नेऊन ऑपरेशन करावं लागणार होतं, तेही लवकर. "तीन साल पहले आतीं तो," असं डॉक्टर म्हणाले आणि पुढचं बोलले नाहीत. बरं केलं.

घरी वन्सं दारातच उभ्या होत्या. "काय म्हणाले रे?"

हे चपला काढत म्हणाले, "अक्का, तुझी कडी कापायला इंदूरला जायचंय."

वन्सं आत गेल्या, निरांजन घासून पुसून फडताळात ठेवलं. कोणी सांगितलं नव्हतं.

*

आणि ह्याच वेळी राज्यं मोडली. ह्यांची नोकरी सरकारी दप्तरात कारकुनाची. संस्थान गेलं तेव्हा दप्तराच्या दाराची पाटी बदलली होती, एवढंच. आता मध्यभारतच मोडून मोठं राज्य होणार होतं, आणि दप्तर भोपाळला चाललं होतं. पेट्या भरून कागद निघाले होते. कारकुनांनी त्यांच्यामागे हजर व्हायचं. ह्यांनी साहेबाच्या हातापाया पडून चार दिवस मागून घेतले. त्यात इंदूरला नेऊन मला खाटेवर निजवलं आणि जायच्या वेळी नुसते उभे राहिले.

"जा तुम्ही," मी म्हटलं. "वन्सं आहेत."

"हो. त्या आहेतच," हे म्हणाले. ते कसं म्हणाले, ते वन्संनीही ऐकलं.

ऑपरेशन एका डोळ्याचं, पण पट्टी दोन्ही डोळ्यांवर. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. नऊ दिवस हलायचं नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. दूध-दलिया तोटीच्या भांड्यातून. वॉर्डातली दाई सकाळ-संध्याकाळ ओरडायची, "ओ उज्जैनवाली, गर्दन सीधी!" घरून मी भैरवगढची छापील चादर नेली होती. तिच्या काठावरची वेल मला बोटांनी लागायची नाही, छापलेली ना ती. तरी मी काठ चाचपत राहायचे.

शेजारच्या खाटेवर एक खेड्यातली म्हातारी होती, कंकूबाई. तिचा साधा मोतीबिंदू. माझा श्वास जरा जड झाला की तिला कळायचं. माळवीत म्हणायची, "बई, रोवे मती. टाँको टूटी जायगो." रडू नको, टाका तुटेल. मग स्वतःच्या सुनेच्या इतक्या चहाड्या सांगायची की रडू मागे जायचं. हसायची मात्र चोरी. हसण्यानेही टाका तुटतो.

लोक विचारतात, एवढी साधना होती, तर तिथे उपयोगी पडली असेल. नाही पडली. डोळ्यांपुढे अंधार, कोणी त्रास देत नाही, करायला काम नाही, अशी बैठक बुवांनाही मिळाली नसेल. पण मन एका जागी धरायला गेलं की तीच ज्योत यायची, आणि भोवती कडं. मी घाबरून दुसरं काहीतरी आठवायचे. नऊ दिवस मी माशीला गुळावरून हाकलत होते.

एकदाच उपयोग झाला, तो सांगते. पाचव्या दिवशी घशात खोकल्याची उबळ आली. पाणी द्यायला कोणी जवळ नव्हतं. तेव्हा चार घ्यायचा, आठने सोडायचा, असं करत मी ती उबळ गिळली. कंकूबाई शेजारून मोजत होती, तिला वीसच्या पुढे येत नव्हतं, मग पुन्हा एकपासून. ते एवढं कमावलेलं कामी आलं.

*

सातव्या दिवशी दुपारी वन्सं माझ्या हातावर हात ठेवून बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "सरू, मला कधीच दिसली नाहीत."

"काय?"

"कडी. वीस वर्षं बसते मी. एकदाही नाही." त्यांचा आवाज पार खाली गेला. "तू पहिल्यांदा सांगितलंस ना, तेव्हा माझ्या मनात आलं, हिला पाच वर्षांत आणि मला नाही? रागाने माझं डोकं तापलं. मग स्वतःचीच लाज वाटली, म्हणून शिरा केला."

मान हलवायची सोय नव्हती.

"तू धडकायचीस ना, तेव्हा मला एकदा शंका आली होती. बोलले नाही. म्हटलं, बोलले तर लोक म्हणतील, विधवा बाई जळते. आणि मी जळतच होते गं."

पट्टीच्या आत माझे डोळे भरायला लागले. कंकूबाईला काय समजलं कोण जाणे, ती पलीकडून ओरडली, "रोवे मती!" आणि मी रडले नाही. वन्संना बोललेही नाही. त्यांचा हात मात्र काढू दिला नाही. क्षमा वगैरे म्हणतात ती हीच का, मला सांगता येणार नाही. मला त्या घटकेला हात हवा होता.

*

पट्टी सोडली. डॉक्टरांनी समोर बोटं धरली, "कितनी?" "दो," मी म्हटलं. सगळे खूश झाले. हातभर अंतरावर बांगडीएवढं गोल दिसत होतं. बांगडीत मावेल तेवढं जग. पलीकडे अंधारही नाही, काहीच नाही.

"जो बचा है उसे सँभालेंगे," डॉक्टर म्हणाले. "जो गया, वो गया. और ये भी, धीरे-धीरे..." ह्याही डॉक्टरांनी वाक्य अर्धंच सोडलं. डोळ्यांच्या डॉक्टरांची ती रीतच असावी.

दवाखान्यात असताना ह्यांची भोपाळहून कार्डं यायची. वन्सं वाचून दाखवायच्या. तबियत जप, थेंब वेळेवर घाल, इथे अजून खोली मिळाली नाही, आणि शेवटी रोज, "अक्काला साष्टांग नमस्कार." मला बरं वाटायचं. घरी आल्यावर मी ती कार्डं काढली आणि बांगडीतून एकेक अक्षर वाचली. एकाही कार्डात अक्काचं नाव नव्हतं. वन्सं ते स्वतःच जोडून वाचत होत्या.

मी कार्डं परत बांधून ठेवली. अजून त्यांना कळू दिलेलं नाही.

मी भोपाळला गेले नाही. इथल्या भिंती हाताला ओळखतात, तिथे पन्नाशीला आल्यावर नव्याने कोण शिकणार! हे सवड मिळेल तेव्हा येतात, अक्काशी भाजीपुरतं बोलतात. मी दिवसातून तीनदा थेंब घालते. बांगडीचा रुपया झाला. आता रुपयाची पावली झाली आहे. ह्या पुठ्ठ्याच्या खाचेत पूर्वी एक शब्द दिसायचा, आता दोन अक्षरं. पहाटे मी अजून वन्संच्या शेजारी बसते. दिवा नसतो. मन स्थिर होत नाही, पण बसते. कशासाठी, हे विचारू नका.

*

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. वाटलं होतं, मोहल्ल्यातल्या बायका यायच्या थांबतील. उलट वाढल्या. बाहेर गोष्ट अशी गेली की माईंनी डोळे ज्योतीला वाहिले. मी प्रत्येकीला सांगते, काचबिंदू आहे. त्या म्हणतात, माई किती विनयाने बोलतात.

गेल्या महिन्यात दोघी आल्या, सासू-सून. देवासकडच्या, दर्शनाला आलेल्या, आपल्यातल्याच. सासू बसता बसता म्हणाली, "माई, तुमचं नाव ऐकून आलो. आमच्या सुनेलाही दिसायला लागली हो कडी! सहाच महिन्यांत!"

माझ्या हातातली सुपारी पडली.

"कपाळ दुखतं का गं तुझं?" मी सुनेला विचारलं.

ती हळूच म्हणाली, "उजवीकडून."

"उष्णता आहे ती," सासू म्हणाली. "सब्जा देते मी."

मग मी जे बोलायचं ते सगळं बोलले. ओरडले, हात जोडले, फ्रीगंजचा पत्ता सांगितला, माझा उजवा डोळा तिच्यापुढे धरला. वन्संही आतून आल्या आणि म्हणाल्या, "बाई, मीच हिला बसवलं होतं. ऐका तिचं." सासू उठून उभी राहिली. "लोक म्हणाले होते, माई मोठ्या मनाच्या आहेत. दुसरीला दिसलं तर एवढं लागावं?" आणि सुनेला म्हणाली, "चल गं, पाया पड आणि चल."

नाव विचारायचं राहिलं. गावही धड कळलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मुली, तू वाचत असशील तर सासूला वाचून दाखवू नकोस. भावाला पत्र टाक आणि डॉक्टरकडे जा. तुझा चेहरा मला एकदम दिसत नव्हता, तुकड्यातुकड्याने बघावा लागला. आधी कुंकू, मग एक डोळा. काजळ घातलेला, टपोरा, हसरा. बाहेरून काही कळत नाही, माझंही कळत नव्हतं. पण जाताना तू माझ्या पाया पडलीस ना, तेव्हा तुझा हात माझ्या पायाला लागला नाही. शेजारच्या पाटाला लागला, आणि तू तोच हात कपाळाला लावून निघून गेलीस.